बिनाआवतनाचं लाइव्ह

कापूस घरात आला की आमचं घर मुकं होतं. पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरते आणि तिथं बोललेलं बाहेर जात नाही, आतच कुठंतरी मुरतं. अकोटजवळच्या आमच्या गावात भाव येईस्तोवर माणसं अशीच कापसाच्या कडेकडेनं राहतात. लहानपणी आम्ही बहिणी त्यात गळ्यापर्यंत शिरायचो, मग अंग खाजायचं आणि वरून आईचे धपाटे. अजूनही अमरावतीहून घरी गेले की मी आधी त्या खोलीत जाऊन पडते. धड झोप नाही, धड जाग नाही, असं काहीतरी तिथं मिळतं. अमरावतीच्या फ्लॅटमध्ये ते मिळत नाही.

धाकट्या बहिणीच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, सकाळीही मी तिथंच होते. कापसाला टेकून फोनवर लाइव्हची तयारी चालली होती. नवरदेवाची आजी धारणीला. घाटातल्या रस्त्यानं जीपचे धक्के खात येणं तिला झेपणारं नव्हतं, म्हणून तिच्यासाठी हा खटाटोप. माझं रोडगे-पानग्यांसारख्या गावाकडच्या स्वयंपाकाचं व्हिडिओ चॅनल आहे, त्यामुळे हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आदल्या दिवशीच बजावून गेले होते, "आपल्याच लोकायले दिसलं पायजे. गावजत्रा नको मले." त्यांचा शब्द आमच्याकडे खाली पडत नाही. माझं डोकं तिथंच फिरतं, पण कार्याच्या घरात तोंड कोण वाजवणार?

हे कोणाला दिसू द्यायचं, असं फोन विचारत होता. तेवढ्यात बाबा आले आणि नव्या सदऱ्यानिशी खुशाल कापसात बसले.

"कसं असते गं हे?"

"तीन परकार हायेत, बाबा. प्रायव्हेट केलं तर मी ज्याले बोलावलं तोच पाहू शकते. मधलं म्हणजे ज्याच्याजवळ लिंक हाये त्याच्यासाठी. आन् पब्लिक म्हणजे दार उघडं, कोणीबी या."

"लिंक म्हणजे आवतनच झालं मंग."

"आवतनच समजा."

"आन् पब्लिकले आवतन नाही लागत?"

"नाही. जो माह्यं चॅनल नेहमी पाहते, त्याच्या फोनवर घंटी वाजते फक्त."

बाबा बोंडातली सरकी चिमटीनं काढत बसले. मग म्हणाले, "तेल्हाऱ्याच्या बाजारात तुह्या आत्याची शेजारीण भेटली होती. तुही आत्या तुह्ये व्हिडिओ पाहत असते म्हणे. एकही सोडत नाही."

आत्याचा विषय आमच्या घरात बंद होता. शेताच्या वाटणीत तिनं हक्कसोडपत्रावर सही द्यायला नकार दिला आणि स्वतःचा हिस्सा मागितला. कायद्यानं तो तिचाच होता. मोठ्या बाबांनी सांगून टाकलं की या घरातून तिला यापुढे आवतन जाणार नाही. तीही त्यांचीच बहीण. म्हणाली, आवतनाशिवाय मी उंबरा चढणार नाही. आमच्याकडे शेजारचा माणूससुद्धा आवतन आल्याशिवाय पंगतीला बसत नाही, मग माहेरवाशीण कशी बसेल? माझं लग्न तिच्याविना झालं. बाबा भावासमोर मान हलवत राहिले आणि बहिणीसाठी आतल्या आत झुरत राहिले. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. आमच्या बाबांचं नाक दाबलं तर ते कानानं श्वास घेतील, पण तोंड उघडणार नाहीत. खरं सांगते, मला त्यांचा फार राग यायचा. त्या सकाळी मात्र मीच तोंड उघडलं.

"पब्लिक करू, बाबा?"

"मी काय सांगू?" ते सरकीकडेच पाहत म्हणाले. "आवतन तर आपण कोणाले देऊन नाही राहिलो."

मी पब्लिक केलं. खाली लिहायची सोय तेवढी बंद करायला लावली त्यांनी, उगाच कोणाचं नाव निघायला नको म्हणून.

दुपारी मांडवात पिवळं ऊन उतरलं होतं. बायांनी गाणं धरलं होतं. बहीण पाटावर बसली होती, ओटीच्या तांदळात हात घालून, पेंगुळल्यासारखी. स्टँडवरच्या फोनमध्ये ते सगळं इवलंसं, पाण्याखालचं असावं तसं दिसत होतं. धारणीहून फोन आला की तिकडे रेंजच गेली, मागून व्हिडिओ पाठवा. बाकी आपली म्हणावी ती सगळी माणसं मांडवातच होती. तरी पडद्याच्या कोपऱ्यात, किती जण पाहताहेत ते सांगणाऱ्या डोळ्याच्या खुणेशेजारी, एकचा आकडा होता. मी त्या आकड्याकडे पाहत राहिले. तेल्हाऱ्याकडच्या एका ओसरीत डब्याला टेकवलेला फोन आणि चष्मा पुसणारी आत्या मला दिसायला लागली.

"धारणीची रेंज गेली ना? मंग कोणासाठी चालू हाये हे?" मोठे बाबा पाठीशी येऊन उभे होते. "बंद कर." मग त्यांनी वाकून पाहिलं. "हा एक कोण?"

मी काहीतरी थाप मारणार होते. पण पाटाजवळून बाबाच बोलले, सगळ्या पाहुण्यांदेखत.

"आपली बहीण असन, भाऊ. पाहू द्या तिले."

बायांचं गाणं तुटलं. नवरदेवाकडची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. बाबांनी मान खाली घातली नाही. मोठे बाबा पुन्हा त्या एकच्या आकड्यावर वाकले.

"आवाज जाते का तिकडे?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"जाते."

ते बायांकडे वळले आणि नेहमीसारखे खेकसले, "गाणं काहून बंद केलं तुमी? म्हना ना, जोरानं म्हना."