विहीर खाली आहे ना?

उज्जैनला आमच्या फ्रीगंजच्या इमारतीच्या आवारातली विहीर बुजवायची, हे जवळजवळ ठरलंच होतं. उन्हाळ्यात नळाला पाणी एक दिवसाआड, विहीर कोरडी; मग तिथे गाड्या तरी उभ्या राहतील, असं शेजारच्या काकांचं म्हणणं. मी हट्टाला पेटले. गच्चीचं पावसाचं पाणी पाइपानं, रेती-गिट्टीतून गाळून विहिरीत सोडायचं, एवढंच मागितलं.

"छतचं पाणी कुएँत? पगलावलीस का?" काका म्हणाले. तरी एका पावसाळ्याची मुदत दिली. वैशाखात विहीर आटली, की मुरूम टाकायचा.

वैशाख आला. मी रोज जाळी उचलून आत डोकवायची आणि पाणी दिसलं की एकटीच हसायची. काकांना मुद्दाम सांगितलं नाही. गुडघ्यांमुळे ते जिना उतरत नसत, आणि मला त्यांची जिरवायची होती. हा शहाणपणा नडला.

मी टावर चौकात भाजीला गेले होते. घरी साताऱ्याहून नुकत्याच आलेल्या माझ्या आत्या होत्या. काकांनी दारातूनच विचारलं, "विहीर खाली आहे ना?"

"खालीच आहे की," आत्या म्हणाल्या.

उज्जैनात खाली म्हणजे रिकामी, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार? काकांनी लगेच फोन फिरवला.

मी परतले तर मुरमाची ट्रॉली विहिरीकडे मागे सरकत होती. जाळी काढलेली. पिशवी टाकून मी धावले, माझी भोपळी मिरची आवारभर.

"मैडम, कुआँ खाली है, भरना है," ड्रायव्हर म्हणाला.

मी बादली विहिरीत सोडली. दोर सरसर गेला आणि डुबुक! मी वेड्यासारखी हसत सुटले, ड्रायव्हरही हसायला लागला.

"काय विचित्र प्रश्न तो," आत्या वरून म्हणाल्या, "विहीर काय गच्चीवर असते?"

तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज झाला. काका एकेक पायरी उतरत आले. दोर हातात घेऊन त्यांनी स्वतः बादली सोडली. पुन्हा एकदा. मग आणखी एकदा, फक्त आवाज ऐकायला.

"अगंबाई, तुम्ही खाली आहात?" आत्यांनी विचारलं.

"मीच खाली आहे," काका म्हणाले, "विहीर नाही."