मला सांगू नका

माझ्या पनवेलच्या सायबर कॅफेत करंजाड्याचा एक जण रोज यायचा. खुर्चीवर मांडी घालून बसायचा आणि स्क्रीनशी पुटपुटायचा, "बोल ना रे, बोल."

एकदा वीज पडून माझ्या सगळ्या कॉम्प्युटरांचे नेटवर्कचे पोर्ट जळाले. मी यूएसबीला लावायच्या इथरनेटच्या डब्या आणल्या, पण माझ्या कॉम्प्युटरांवरच्या लिनक्सकडे त्या चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हरच नव्हता.

"नाय तर नाय. आमी लिवू," तो म्हणाला.

अकराव्या दिवशी नेट सुरू झालं. मी चहा सांगितला. फाइल उतरत असतानाच त्याने डबी खसकन उपसली. कॉम्प्युटर हँग.

"अरे, कशाला काढलीस?" मी वैतागलो.

"गिऱ्हाईक काय विचारून काढनार हाय?" म्हणत तो परत कोड लिहायला बसला. चहा निवला.

चार दिवस तेच चाललं होतं. डबी लाव, उपस, ओळी बदल. कॅफे बंद, मी धुमसतोय. पाचव्या दिवशी डबी उपसली तरी कॉम्प्युटर चालूच राहिला. परत लावली, नेट आलं.

मी शाबासकी म्हणून हात मिळवायला पुढे केला. त्याने तो धरून मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आता तुमी काढा. कदी, ते मला सांगू नका."