दोनदाबाईंची घाई

शाळेत सगळे त्यांना समोर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'दोनदाबाई'. नाव मुलांनीच ठेवलेलं. दुसरीच्या वर्गात बाईंचा एकच हेका असायचा, "लिहिलंस? आता बोट ठेव. दोनदा बघ. मग बोल." मुलं गणित सोडवत, उत्तरावर बोट ठेवून ओठांतल्या ओठांत पुन्हा मोजत आणि मगच हात वर करत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, वर्ग पेंगतोय. पण या वर्गातून पुढे गेलेलं मूल हातचा विसरत नाही, एवढं तिसरीच्या बाई नाक मुरडत का होईना, कबूल करत.

घरीही तोच प्रकार. कुलूप लावलं की दोनदा ओढायचं, गॅस बंद केला की दोनदा वाकून पाहायचा. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. तो डोळ्याला भिंग लावून बसल्या जागेवरून म्हणायचा, "हो म्हणायच्या आधी मलाही दोनदा पाहून घेतलंस, तरी फसलीसच की!"

"तिसऱ्यांदा बघायला हवं होतं," बाई म्हणत आणि पिशवी उचलून शाळेला निघत. असा त्यांचा संसार वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला होता.

मग शाळेत टॅब आले. प्रत्येक मुलाला एक टॅब आणि कानांवर लावायला हेडफोन. बाकांच्या रांगा मोडून गोल टेबलं मांडली गेली. टॅब चार्ज करायचं लोखंडी कपाट नेमकं फळ्यासमोर आलं, त्यामुळे अर्धा फळा झाकला. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, नुकत्याच प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या आणि त्यांचा उत्साह नुसता उतू जात होता.

"आता मूल मध्यभागी!" त्या म्हणाल्या. "प्रत्येक मूल आपापल्या गतीनं शिकणार. आपण फक्त बाजूला राहून मदत करायची."

"बाजूला म्हणजे कुठे?" बाईंनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

"अहो, बाजूला म्हणजे... बाजूला."

बाई काही दिवस खिडकीपाशी उभ्या राहिल्या. तिथे उन्हाचा त्रास, म्हणून दारापाशी आल्या. तिथे येणारे-जाणारे विचारू लागले, "कोणाची वाट बघताय?" मग त्या टेबलांमधून फिरू लागल्या, तर मुलं मान वर करेनात. कौतुकानं 'शाबास' म्हणावं, तर हेडफोनमुळे ते कोणाला ऐकू जाईना. संध्याकाळी घसा बसायचा तो बसेनासा झाला आणि बाईंना त्याचंच वाईट वाटू लागलं.

बरं, या टॅबला नावं ठेवावीत तर तीही सोय नव्हती. वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे तुफान म्हणत. एका जागी बसणं त्याला माहीतच नव्हतं. तो आता मान खाली घालून एकामागून एक गणितं उडवत होता आणि पार तिसरीच्या गुणाकारापर्यंत पोचला होता. बाईंनी एवढी वर्षं मुलांना गप्प बसवण्यात घालवली होती आणि इथे एक काचेची पाटी ते फुकटात करून दाखवत होती. हसावं की रडावं, त्यांना कळेना.

बाईंच्या स्वतःच्या टॅबवर प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक ठिपका दिसायचा. चांगलं चाललेलं मूल हिरवं, अडखळणारं पिवळं आणि मागे पडलेलं लाल. मोठ्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, सत्र संपलं की लाल मुलं मैदानापलीकडच्या तयारी वर्गात जातील. तिथे सगळं पहिल्यापासून, नव्या बाईंच्या हाताखाली.

सुरुवातीला लाल ठिपके बरेच होते, मग कमी होत गेले. शेवटी एकच उरला, तो मुंगीचा.

मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहानखुरी पोर. शाळेत आली तेव्हा कितीतरी दिवस तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. बाईंनी तिला रोज जवळ बसवून, पेन्सिलीला टोक करून देत देत बोलतं केलं होतं. बोलू लागली आणि वर्गातली सगळ्यात पक्की मुलगी निघाली. तिचं गणित चुकलेलं बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. नव्या खोलीत, नव्या माणसांत ही पोर पुन्हा मुकी होणार, याची बाईंना खात्री होती.

त्या मुंगीशेजारी जाऊन बसल्या. तिच्या टॅबवर रंगीत चेंडू होते. किती चेंडू, ते ओळखायचं.

"चुकतंय का गं तुझं?"

"नाही बाई. सगळं बरोबर येतं. पण चेंडूच येतात."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई थांबल्या. 'पाहुणा' म्हणून टॅब उघडला आणि स्वतः दुसरीची गणितं करायला बसल्या. पहिली बेरीज आली. बाईंनी मोजली, काचेवर बोट टेकलं, पुन्हा मोजली आणि मग चौकट दाबली. बरोबर! टॅबनं टाळ्या वाजवल्या. पुढचं गणित जरा सोपं आलं. तेही बरोबर. त्यापुढचं आणखी सोपं. असं होता होता समोर चेंडू आले. बाईंनी चेंडूही दोनदा मोजले. तेव्हा टॅब लाडिक आवाजात म्हणाला, "काळजी करू नकोस हं बाळा, आपण हळूहळू शिकू या!"

आणि पाहुण्यापुढे लाल ठिपका लागला. इतकी वर्षं दुसरी शिकवणाऱ्या बाई दुसरीत नापास झाल्या होत्या.

त्यांनी टॅब बसवून गेलेल्या गृहस्थांना फोन लावला. ते बिचारे सज्जन होते. "बाई, उत्तराला वेळ लागला की प्रोग्रॅमला वाटतं मुलाला जमत नाहीये. मग तो सोपं देतो."

"पण उत्तर बरोबर असलं तर?"

"तरीही वेळ धरतातच ना. तुमच्या मुलांना जरा चटपटीत करा."

बाईंनी मोठ्या बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, "तुमचं पटतंय हो मला. पण मी वर काय कळवू? एकीचा लाल ठिपका मी मनानंच हिरवा धरला असं?" त्याही गोंधळल्याच होत्या, फक्त त्यांच्या खुर्चीला ते शोभत नव्हतं.

म्हणजे मुंगीला लाल केलं होतं ते बाईंच्या शिकवणीनंच. तुफानसारख्यांनी त्यांचं कधी ऐकलं नाही, ती मुलं पुढे पळाली. जिनं शब्दन् शब्द ऐकला, ती चेंडू मोजत बसली. बाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला. घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं.

"माझ्याकडे लोक मागे पडलेलं घड्याळ आणतात," तो म्हणाला. "पुढे धावणारं कोणी आणत नाही. त्यानं गाडी चुकत नाही ना!"

"मग मी काय करू?"

"ते मला काय विचारतेस? मी आपला घड्याळवाला."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुंगीचे हेडफोन बाजूला काढले. बोलताना स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटत होता. "हे बघ, टॅबवर बोट नाही ठेवायचं. दोनदा बघायचं नाही. दिसलं की दाबायचं. पटकन."

मुंगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "आणि चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं."

"बाई, तुम्हाला बरं नाहीये का?"

"मला बरं आहे. तू दाब."

मुंगीनं हेही ऐकलं, बाईंचं सगळं ऐकायची तसंच. आधी तिचा हात घुटमळायचा. बोट काचेवर टेकायला जायचं आणि ती ते मागे घ्यायची. हळूहळू वेग आला. काही उत्तरं चुकू लागली, तरी चेंडू गेले, बेरजा आल्या, वजाबाक्या आल्या. बाई लांबून बघत राहायच्या. पुढे सरकलेल्या प्रत्येक गणितागणिक त्यांना हायसंही वाटायचं आणि चोरट्यासारखंही वाटायचं.

सत्र संपायच्या दिवशी मुंगीचा ठिपका हिरवा झाला. मोठ्या बाई स्वतः वर्गात आल्या. "एकही लाल नाही! काय जादू केलीत?"

"काही नाही," बाई म्हणाल्या, आणि टॅब कपाटात लावायला वळल्या.

शाळा सुटली. मुलं दप्तरं घेऊन पळाली. मुंगी मात्र हेडफोन हातात घेऊन टेबलापाशी घोटाळत राहिली.

"बाई, मी इथेच राहणार ना आता?"

"हो गं राणी, इथेच."

"शेवटचं गणित मला येत नव्हतं. मी कुठली तरी चौकट दाबली. तर टाळ्या वाजल्या, हिरवं आलं." तिनं हेडफोन बाईंच्या हातात दिले. "मग बाई, आता मला ते येतं का?"

हो म्हणावं तर ते धडधडीत खोटं होतं. नाही म्हणावं, तर या पोरीला मैदानापलीकडे पाठवायला हवं होतं. मुंगी उत्तराची वाट बघत उभी होती, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.