सापांच्या केसांची बाई

रविवार, १५ जून. माळा आवरायला हजर: मी, धाकटा भाऊ सुधीर आणि खाली खुर्चीत बसून सूचना देणारी आई. तिसऱ्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली तसबीर निघाली. काच पुसली, तर केसांच्या जागी साप असलेली ती बाई पुन्हा माझ्याकडे बघत होती.

मी नऊ वर्षांची असताना पूर्णेच्या याच घराची पुढची खोली रेल्वेतल्या एका कारकुनाला भाड्याने दिली होती. भिंतीला ओल्या चुन्याचा वास होता. बैलाच्या डोक्याचा माणूस आणि तीन तोंडांचा कुत्रा अशा दोन तसबिरी टांगून झाल्या होत्या. कारकून या तसबिरीसाठी तिसरा खिळा ठोकत होते.

"भाऊजी, ही कोण?" आईने दारातूनच विचारलं.

"ग्रीक पुराणातली राक्षसीण, वहिनी. हिच्याकडे बघणारा दगड होतो."

आईने झटकन माझ्या डोळ्यांवर पदर टाकला.

"आपले राक्षस काय कमी हायत?" शेजारची शांतामावशी म्हणाली. मग आवाज उतरवून आईला, "भानामती हाय ही. पोरीला इचार, यानं काही खायला दिलं का."

"पेढा," मी पदराआडून म्हणाले. तो त्यांनी गल्लीतल्या सगळ्याच पोरांना वाटला होता. तेवढं मात्र मी बोलले नाही. दोघी पहिल्यांदाच माझं इतकं लक्ष देऊन ऐकत होत्या.

त्या पेढ्यावरून आठवड्यात कारकुनांना खोली सोडावी लागली. घाईत ही तसबीर राहिली. तेव्हा संशय त्यांच्यावर होता; आज तो माझा मलाच माझ्यावर येतो.

"काय सापडलं गं?" आईने खालून विचारलं.

"जुनी तसबीर," मी म्हणाले. पेढा सगळ्याच पोरांना वाटला होता, हे सांगायचं अजून राहिलंच आहे.