बागवाले पंत

पंत जागेची हद्द पान थुंकून दाखवायचे. खुंटी नाही, दोरी नाही, चुन्याची फक्की नाही. गिऱ्हाईक घेऊन बागेत शिरले की एका आंब्याच्या बुंध्यावर पिंक टाकायचे, पावलं मोजत पुढच्या झाडाकडे जायचे, तिथे दुसरी टाकायचे आणि हात पसरून म्हणायचे, "इथून इथवर तुमचं. बराबर?" आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा ती लाल धार सालीवरून ओघळत होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. मी पदर नाकाला लावला. आमचे मास्तर मात्र "वा, वा" म्हणत मान डोलवत होते. मला किळस आली होती आणि जागा मनापासून आवडलीही होती.

बाग जालन्याच्या बाहेर, कुंडलिका नदीच्या काठाला होती. आंबा, जांभूळ, चिंच, मधे एक विहीर. मालक कुणी जहागीरदार, हैद्राबादेत राहणारे. त्यांनी बाग कधी डोळ्यांनी पाहिलीही नसावी. त्यांचे मुखत्यार म्हणून पंत बागेचे तुकडे पाडून विकत होते. पंत त्याआधी तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारे कारकून, होते. पांढरी शेरवानी, काळी टोपी, कानात अत्तराचा फाया. उर्दू असं बोलायचे की समोरच्या मौलवीनेही ऐकत राहावं. त्या काळी निजामाच्या राज्यात सगळा सरकारी कागद उर्दूत. आमच्यातल्या भल्याभल्यांना आपल्याच घराच्या कागदावर आपलं नाव कुठे आहे ते दाखवता येत नसे. पंत कागद हातात धरून उर्दूवर बोट फिरवत तोंडाने मराठी वाचत जायचे आणि शेवटी म्हणायचे, "बिलकुल बेफिकीर राहा. मी आपलाच माणूस हाय." त्या एका वाक्यावर आम्ही पाच घरांनी सह्या केल्या. कचेरीत आपला एक माणूस आहे, याचा आम्हाला केवढा अभिमान होता.

मला ती जागा का हवी होती, तेही सांगते. घरात कुणी आजारी नव्हतं, कुठल्या वैद्याने मोकळी हवा सांगितली नव्हती. जालन्यातच कादराबादच्या बोळात आमची एक खोली होती, दाराला लागून सात बिऱ्हाडांचा संडास, आणि पोळी लाटताना मला तोंडाने श्वास घ्यावा लागे. मला सावली हवी होती. दुपारी झाडाखाली बसून तांदूळ निवडायचे होते. एवढंच. पण एवढ्यासाठी माणूस कुठवर जातो, ते मी स्वतःच्याच घरात पाहिलं.

घर बांधून आम्ही राहायला गेलो. पंतांचं घर चिंचेखाली, आमच्या समोरच. रोज सकाळी ओसरीवर येऊन बसायचे, बशीतून चहा ओढायचे आणि जाईच्या वेलाच्या बुडाशी थुंकायचे. तो वेल शेवटी मेला. "हवा खा, वहिनी, हवा. हैद्राबादेत मोठे मोठे लोक असल्या हवेला तरसून राह्यले." खोटं कशाला बोलू, माणूस कामी पडायचा. सासूबाई विहिरीजवळ घसरल्या तेव्हा पंतांनी स्वतःची दमणी जुंपली, दवाखान्यापर्यंत त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि परत आल्यावर शेरवानीला लागलेलं रक्त धुवून काढताना एक शब्द बोलले नाहीत. अशा माणसाची किळस करणं सोपं नसतं. मला बरीच वर्षं लागली.

विहिरीच्या पलीकडे एका झोपडीत काशी माळीण राहायची. बागेतली झाडं तिची होती. आमच्याकडे हा जुना रिवाज, जमीन एकाची आणि झाडं लावणाऱ्याची. आताच्या जहागीरदाराच्या आजाने काशीच्या सासऱ्याला सांगितलं होतं, लाव, पाणी घाल, वाढव, झाडं तुझी. बोली झाली होती, कागद नव्हता. सासऱ्याने नदीतून कावडीने पाणी आणून ती जगवली. नवरा गेल्यावर काशी एकटीच त्यांचं बघत होती. प्रत्येक आंब्याला नाव होतं. शेपूसारखा वास येतो तो शेप्या, घट्ट गराचा तो खोबऱ्या. आमच्या अंगणात आलेला शेप्या होता. आम्ही राहायला आलो त्या दिवशी तिने विहिरीचं पाणी काढून दिलं आणि सरळ सांगून टाकलं, "जागा घेतली तर खुशाल नांदा, मास्तरीणबाई. पन आंबा माझा हाये. उतरायला मी येनार. तुमच्या लेकरांला टोपलंभर ठिवून जाईन."

दोन उन्हाळे ती आली, आंबे उतरवले, टोपलंभर ठेवून गेली. पण आम्ही आता बंगलेवाले झालो होतो ना. एकाला अंगणात परक्या बाईचा वावर नको होता, एकाच्या बायकोला पाचोळा नको होता. मला काय नको होतं ते अजून सांगायला लाज वाटते. दुपारी मी झाडाखाली बसलेली असताना वरून ती म्हणायची, "जरा सरका, बाई." माझ्या अंगणात मला कुणी सरक म्हणावं, हे मला सहन होईना.

पंतांना ते बरोबर कळलं. एका सकाळी ते कागद घेऊन आमच्या ओसरीवर आले आणि पाचही घरांच्या पुरुषांना बोलावून घेतलं. पंचनामा करायचा होता. पंतांनी बोट फिरवत वाचलं, की आम्ही पंच इथे राहतो, या झाडांवर कुणाही बाहेरच्याचा हक्क आमच्या पाहण्यात नाही, झाडं ज्याच्या जागेत त्याची. वाचून झाल्यावर पान जमवत म्हणाले, "झाडाबगर जागेत काय हाय? उद्या तिचा भाऊ येऊन बसंल, मंग माझ्याकडे येऊ नका. मी आपलाच माणूस, म्हणून आधी सांगून राह्यलो."

बाकीच्यांनी सह्या केल्या. मास्तर उठून आत आले. "काशीचा हक्क आपण डोळ्यांनी पाहिलाय," ते हळू आवाजात म्हणाले. "खोटं कसं लिहून देऊ?" मी भाकरी थापत होते. हात न थांबवता म्हटलं, "सगळ्यांनी केली. तुम्ही एकट्यानेच शहाणपण करायचं ठरवलंय का? आणि झाड आपल्या अंगणात आहे, तिच्या नाही." मी वर पाहिलं नाही. मग ते बाहेर गेले आणि सही करून आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी जेवले.

काशीने तहसिलीत अर्ज केला. तिच्या बाजूने बोलायला चार माळी आणि एक गुराखी, विरुद्ध पाच इभ्रतदार गृहस्थांच्या सह्या. निकालाला वेळ लागला नाही. झोपडीही काढायला लावली. काशी नदीपलीकडे भावाकडे गेली. जाताना विहिरीवर भेटली, पण भांडली नाही. "शेप्याला औंदा मोहर चांगला हाये, बाई. वारं सुटलं तर खाली कापड हंतरा," म्हणाली.

त्या मोहराचे आंबे झालेच नाहीत. लढाईचे दिवस होते, कोळसा मिळेना, शहरातल्या जिनिंगच्या बॉयलरला लाकूड हवं होतं. आठ दिवसांत कुऱ्हाडवाले बागेत शिरले आणि आमच्या फाटकातून थेट अंगणात आले. मास्तर आडवे गेले तर मुकादमाने कागद दाखवला. कादराबादहून एका वकिलाला बोलावून तो वाचून घेतला. त्यात झाडं ज्याच्या जागेत त्याची, असं कुठेच नव्हतं. झाडं मुखत्याराच्या कबज्यात आहेत, तोडायचा हक्क त्याचा, आणि आम्हा पंचांची त्याला कबुली आहे, असं होतं. जागेचे जुने कागद काढले. त्यातही जमीन होती, विहिरीचं पाणी होतं, झाडं नव्हती. आम्ही सावली बघून जागा घेतली आणि कागदात काय आहे ते विकणाऱ्याच्याच तोंडून ऐकलं.

पाची घरं पंतांच्या ओसरीवर गेली. पंत पान लावत होते. जरासुद्धा गडबडले नाहीत. "मी वाचलं ते तुम्ही ऐकलं, कागदात हाय ते कागदात हाय. जा तहसिलीत. सांगा, की आम्ही खोटी सही केली. झाडं माळणीची व्हती, असं सांगा. सांगता का?" पंतांनी पानाला चुना फासला. "मंग बसा, चहा घ्या," पंत म्हणाले. आणि आमच्यातल्या तिघांनी चहा घेतला.

बावीस झाडं पडली. शेप्या पडला तेव्हा पडवीची कौलं फुटली. पुढच्या उन्हाळ्यात आम्हाला नदी दिसायला लागली. आधी ती पानांआड होती. आता डबकी दिसत, त्यात बसलेल्या म्हशी दिसत, आणि वाऱ्याबरोबर असा कुबट वास येई की मी पुन्हा तोंडाने श्वास घेत पोळ्या लाटू लागले. जागा विकायला काढली तर घेणारा कुणी नव्हता. पंत मात्र रोज सकाळी येतच राहिले. "कडूलिंब लावा, वहिनी. पाच वर्षांत उभा राहतो," म्हणायचे आणि पायरीशी थुंकायचे. मी त्यांना येऊ नका म्हटलं नाही. मला त्यांची शिसारी येत होती, आणि तरी मी चहा ठेवत होते.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या हिवाळ्यात पंत गेले. घशाचं दुखणं होतं, शेवटी पाणीही उतरेना. नदीकाठीच दहन झालं. बागेतली सगळी घरं दहनाला गेली, सगळे चांगलंच बोलले. किती शिकलेला, किती अडीअडचणीला धावणारा. मास्तर गेले नाहीत. त्या सहीनंतर ते पंतांशी बोलले नव्हते, आणि माझ्याशीही पूर्वीसारखं कधी बोलले नाहीत.

त्याच संध्याकाळी काशी नदी ओलांडून आली. थकली होती, हातात काठी होती. फाटकाशी थांबून अंगणात उरलेल्या शेप्याच्या खुंटाकडे तिने पाहिलं. मी तिला आत बोलावलं, ती आली नाही.

"पंत गेले म्हने," ती म्हणाली. "मला एक सांगायचं व्हतं, लई दिस झाले. मास्तरांला म्हना, मनात काई ठिवू नका. सही त्यांनी केली, मला म्हाईत हाये. पन त्यांला पंतांनी फशिवलं. भोळा मानूस. आन तुमी बाईमानूस, घरात. तुमाला कोन इचारतंय? तुमचा त्यात काय कसूर न्हाई."

मास्तर आतच होते. पडवीत वही तपासत बसले होते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. ते उठले नाहीत, खोकलेही नाहीत.

"हो," मी म्हणाले. "आम्हाला कोण विचारतंय."

काशीने मान हलवली, माझ्या हातावर हात ठेवला आणि अंधार पडायच्या आत नदी ओलांडायला निघाली.