साडेसहाचा फोटो

रेहुलिनाचं फोटोचं दुकान कुतापिन्तुच्या बाजारात होतं, कोबीचे ट्रक भरतात त्या गल्लीत. लग्नाचे फोटो, ओळखपत्राचे फोटो, शवपेटीपुढे ठेवायचे फोटो, सगळं तिच्याकडेच. स्वतःचं मूल नव्हतं, तरी अख्खं गाव तिला 'नांदे', म्हणजे आई, म्हणायचं.

दुकानाच्या गच्चीवर तिने सिमेंटमध्ये एक लोखंडी नळी रोवून घेतली होती. कॅमेरा त्या नळीवर बसला की केसभरही हलायचा नाही. रोज सकाळी साडेसहाला ती समोरच्या दोन ज्वालामुखींचा फोटो काढायची. धाकटा कित्येक पिढ्या निजलेला. मोठ्याने मात्र सहा वर्षांपूर्वी तीन गावं गाडली होती, त्यातलं एक तिच्या माहेरचं. त्या दिवसांतल्या राखेच्या फोटोंची कार्डं पर्यटक अजून विकत नेत. रोजचा हा फोटो कुणासाठी नव्हता. तो काढून झाल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे, एवढंच.

तिचा धाकटा भाऊ एरसादा याला सरकारने टेकडीमागे नवं घर दिलं होतं. तिथून डोंगर दिसतसुद्धा नाही. पण त्याची कॉफी राहिली होती वर, उतारावर, बंदी घातलेल्या भागात. कॉफी पिकली की तो आडवाटेने मोटरसायकल घालायचा.

जूनमधल्या एका सोमवारी रेहुलिनाने ताजा फोटो मे महिन्यातल्या फोटोवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरला. मोठ्याच्या माथ्यावर दोन खडकांमध्ये एक फट होती आणि तिच्यातून आभाळाचा तुकडा दिसायचा. आता तिथे आभाळ नव्हतं. खालून काहीतरी फुगून वर आलं होतं. आपलीच चूक असेल म्हणून तिने आणखी तीन फोटो काढले. तिन्हींत तेच. आणि मग चार दिवस ढगांनी डोंगर झाकून टाकला.

न दिसणारा डोंगर तिला सोसवेना. गिऱ्हाइकाचा फोटो काढताना ती त्याचा चेहरा सोडून खिडकीकडे बघायची. शेवटी ती डोंगरावर नजर ठेवणाऱ्या चौकीत गेली. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने फोटो नीट पाहिले.

"आमच्या यंत्रांतही आलंय हे, नांदे. म्हणून तर तो भाग बंद ठेवलाय."

"पण लोक आत जातात."

"ते आमच्या यंत्रांत येत नाही," तो खाली बघत म्हणाला.

तिथून ती थेट भावाकडे गेली. जेवणं चालली होती. तिने ताटाशेजारी फोटो ठेवले.

"ही फट बघ. मेमध्ये इथून आभाळ दिसत होतं."

एरसादाने फोटो हातात घेतला. "ताई, तू आता डोंगराचंही ओळखपत्र काढतेस का? हनुवटी वर, कान दिसू देत, असं सांगतेस त्याला?"

भावजय हसली. रेहुलिना हसली नाही.

"कॉफी पिकून लाल झालीये गं," तो जरा मऊ होऊन म्हणाला. "चार दिवसांचं काम. मग येतो तुझ्या दुकानात, चांगला भांग पाडून फोटोला बसतो."

"तो फोटो कुठे ठेवावा लागेल ते मला माहीत आहे," ती म्हणाली आणि उठली.

पाचव्या दिवशी बरोबर साडेसहाला ढग फाटले. वाफ निघत होती, पण नेहमीच्या मुखातून नाही. त्या नव्या फुगवट्याच्या कडेने. तिने लांबचं भिंग लावलं आणि उतारावर आणलं. कॉफीच्या ओळींत चार मोटरसायकली चमकत होत्या.

तिने फोन लावला. पुन्हा लावला. मग भावजयीला लावला.

"त्यांचा फोन इथेच टेबलावर वाजतोय," भावजय म्हणाली. "तिकडे तो वाजला तर पकडतील म्हणून नेत नाहीत."

रेहुलिनाने कॅमेरा तसाच नळीवर सोडला आणि स्कूटर काढली. बंदीच्या भागाच्या तोंडाशी असलेल्या अडसरापाशी कुणी नव्हतं. सहा वर्षांत ती या रस्त्याने आली नव्हती. माहेरच्या गावात छपरं जमिनीला टेकली होती आणि चर्चच्या दारातून बांबू उगवला होता. तिने मान वळवली नाही.

एरसादाने तिला पाहिलं आणि हातातली टोपली खाली ठेवली. फोटो पाहून जो घाबरला नव्हता, तो बहिणीला तिथे उभी पाहून पांढरा पडला.

"तू इथे कशाला आलीस?"

"तू फोन घरी ठेवलास म्हणून. चल."

"अर्धी ओळ राहिलीये."

"मग मी इथेच बसते. तुझं होईपर्यंत."

ती खरंच झाडाखाली बसली. मग त्याने बाकीच्या तिघांना हाक मारली. चौघं पोती तिथेच टाकून तिच्यामागून उतरले.

दुपारी दोनला फुगवटा कोसळला. तापलेल्या राखेचा लोट मळ्याचा वरचा अर्धा भाग घेऊन गेला. तेव्हा वर कुणीच उरलं नव्हतं.

एरसादाने तिचे आभार मानले नाहीत. भावंडांत तसं कुणी मानत नाही. पण दोन हंगामांनी खालच्या अर्ध्या मळ्यात कॉफी लागली, तसा तो रोज पावणेसातला फोन करू लागला. "काय म्हणतोय?" एवढंच विचारायचा. ते कळल्यावर वर मळे असलेले आणखी लोक फोन करू लागले. बघता बघता अकरा जण झाले.

"मला त्यातलं काही कळत नाही," ती प्रत्येकाला सांगायची. "मी फक्त फोटो काढते. चौकीत विचारा."

"चौकीवाले नाहीच म्हणणार," ते म्हणायचे. "तुम्ही सांगा, नांदे."

आधी कुणी ऐकत नाही म्हणून तिला झोप येत नव्हती; आता सगळे ऐकतात म्हणून येईना. 'ठीक दिसतोय' हे दोन शब्द तोंडातून गेले की अकरा माणसं वर चढणार आणि संध्याकाळी ती उतरेपर्यंत हिने गच्चीवर येरझाऱ्या घालायच्या.

एका सकाळी डोंगर धुतल्यासारखा स्वच्छ होता. जुन्या फोटोवर नवा ठेवला, रेषेला रेष जुळली. तरी आज कुणाला वर पाठवावं असं तिला वाटेना. का, ते तिला सांगता आलं नसतं. फोन वाजला.

"काय म्हणतोय, ताई?"

"ढग आहेत," ती म्हणाली. "काही दिसत नाही."

"बरं," एरसादा म्हणाला. "मग आज घरचं छप्पर बघतो."

उरलेल्या दहा जणांनाही तिने तेच सांगितलं.