तुडुमावरची हाक

दिघोरीला आमची शेती तलावाखाली आहे. धान निसवू लागले की तलावाचे पाणी पाळीपाळीने घ्यावे लागते. ते वाटून देणारा पाणकर म्हणजे सेवकराम. पाणी सोडायच्या दाराला इथे तुडूम म्हणतात. तुडुमावर उभे राहून तो ज्याचे नाव पुकारील, त्याने बांध फोडून आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी घ्यायचे. हाक पडण्याआधी कोणी फावडे लावत नाही आणि हाक पडल्यावर कोणी भांडत नाही. या कामाबद्दल कापणीनंतर घरोघरून त्याला धान मिळते. त्याच्या वडिलांकडेही हेच काम होते.

एका उन्हाळ्यात सेवकरामचा आवाज बसला तो बसलाच. विडी ओढून बसला असेल म्हणून त्याने हळद-दूध घेतले, मध चाटला. शेवटी त्याची बायको रुखमिणी त्याला नागपूरला घेऊन गेली. घशात नळी घालून पाहिले तेव्हा एका स्वरतंतूवर कर्करोग निघाला. वेळेवर आला होता, म्हणून तोंडातूनच लेझरने शस्त्रक्रिया झाली. गळ्याला बाहेरून चीर नाही. डॉक्टरांनी सांगितले, रोग काढला आहे, तपासणीला मात्र येत राहायचे. विडी बंद. आवाज पूर्वीसारखा होणार नाही, ओरडायचे तर मुळीच नाही.

रुखमिणीने गावात सांगितले, "लेझर म्हणजे आतून डागणी." तेव्हा शेजारचे यादोराव मुद्दाम पाहायला आले.

"डाग कोठी आहे, दाखव."

सेवकरामने तोंड उघडले. यादोरावांनी बॅटरी मारून पाहिले. "मले तं काही दिसत नाही. तुले फसवलं त्याईनं."

पहिले काही दिवस पाणी पिताना त्याला ठसका लागे. पुढे ठसका थांबला. जेवण नीट होऊ लागले. आवाज मात्र फाटक्या भात्यासारखा, हवाच जास्त. त्याचे बोलणे ऐकू येत नाही म्हणून लोक त्याच्याशी मोठ्याने बोलू लागले. एकदा तो माझ्या ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "काकी, माह्या गळ्याचं आपरेशन झालं, कानाचं नाही. हे कोणाले समजवून सांगू?"

आश्विनात पहिली पाळी आली. सेवकराम नेहमीसारखा तुडुमावर गेला. जवळच्या बांध्यांना ऐकू आले, पुढे काही गेले नाही. यादोरावांचे शेत सगळ्यात शेवटी. फावडे घेऊन ते बांधावर उभे होते. पाणी डोळ्यांसमोरून नाल्यात जात होते, पण हाक कानावर आली नव्हती, म्हणून त्यांनी बांध फोडला नाही. धान कोरडे राहिले.

संध्याकाळी तलावाच्या काठावर सगळे जमले.

"हाक नाही तं पाणकर कायचा?" यादोराव म्हणाले. "दुसरा पाहा."

कोणी फोन करायचे सुचवले. चिखलात फोन कोण घेऊन उतरतो, म्हणून ते तिथेच राहिले. सेवकराम काहीतरी बोलला, ते शेजारच्यालाही कळले नाही. तो खाली बसला.

मागे बायकांत उभी असलेली रुखमिणी पुढे आली. "धान घरी येते तवा मोजून कोण घेते? मीच घेतो ना. तवा कोणी म्हणत नाही का हे बाईनं घेतलं. मंग हाक मी मारली तं काय झालं? पाळी कोणाची, ते हे सांगतीन. मी फक्त नाव घेईन."

"बाईची हाक?" यादोरावांनी विचारले.

"भाऊजी, तुमची घरवाली म्हशीले बलावते तवा आमच्या आंगणात आयकू येते. ते चालते."

लोक हसले. यादोरावही हसले, पण म्हणाले, "पहिलं पाणी माह्या शेतात येऊ द्या. मंग बोलू."

दुसऱ्या दिवशी दोघे तुडुमावर उभे राहिले. सेवकरामने हात केला, रुखमिणीने पदर कमरेला खोचून हाक दिली, "यादोराव, पाणी घ्या होऽ". मी माझ्या बांधावर होते. दूर यादोरावांचे फावडे वर गेलेले दिसले.

त्याला आता काही वर्षे झाली. सेवकराम अजून पाणकर आहे. तपासण्या चांगल्या निघतात. फोनवर तो बोलत नाही, लग्नाच्या पंगतीत बाजा वाजत असेल तर गप्प जेवतो. गेल्या खेपेला रुखमिणी सोबत होती. डॉक्टरांनी विचारले, आवाजाचा काही त्रास?

"मले नाही," तो म्हणाला. "पाण्याच्या पाळीत इचा बसते."